हॅलोकाकूंची अर्धी वाक्यं

हॅलोकाकू कुणीही भेटलं की आधी "हॅलो" म्हणायच्या. जिन्यात, दारात, अगदी तोंड धुऊन बाहेर येताना समोर कुणी दिसलं तरी. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजवर त्यांनी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली होती. त्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून आवाज हीच तिथली माणसं. नियम असा की दोन्ही बाजूंनी हॅलो ऐकू आलं की आपण लाइनवरून उतरायचं, पुढचं ऐकायचं नाही. "मी जन्मभर लोकांची फक्त पहिली वाक्यं ऐकली," त्या सांगायच्या, "आणि आता म्हातारपणी उरलेली ऐकायचा पगार घेते."

पगार मॅडम द्यायच्या. मॅडम विद्यापीठात लिंगभाव आणि संवाद या विषयावर संशोधन करत होत्या. कामाची खोली मागच्या इमारतीत, जिना चढून गेल्यावर शेवटी. दोन टेबलं, एक कपाट आणि एक पंखा. पंखा लावला की रेकॉर्डिंगमधलं हळू बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून उन्हाळाभर तो बंदच असायचा. काही जोडप्यांनी परवानगी देऊन संध्याकाळच्या आपल्या गप्पा रेकॉर्ड करू दिल्या होत्या. सुरुवातीला ती माणसं पाहुण्यांसमोर बसल्यासारखी बोलायची. थोड्या वेळाने टेबलावरचं यंत्र विसरायची आणि मग खरं बोलणं सुरू व्हायचं.

मॅडमचा प्रश्न साधा होता. नवरा-बायको बोलत असताना कोण कोणाला मध्येच तोडतं? आधीची सगळी मोजणी हॅलोकाकूंनी एकट्यांनी केली होती. कानाला हेडफोन, समोर पडद्यावर दोन रकाने. एकाचं बोलणं चालू असताना दुसरा मध्ये शिरला, तर तो तुकडा एका रकान्यात टाकायचा. बोलणं अडवायला शिरला असेल तर "तोड". पुढे न्यायला शिरला असेल तर "साथ". तिसरा रकाना नव्हता. त्यावरून मॅडमनी पेपर लिहिला आणि एका चांगल्या जर्नलला पाठवला.

जर्नलने पेपर परत पाठवला, पण नाकारून नाही, दुरुस्त्या सांगून. पेपर वाचणारे परीक्षक दोघं असतात आणि त्यांची नावं लेखकाला कधी कळत नाहीत. पहिल्याने कौतुक केलं. दुसऱ्याने लिहिलं की एकाच माणसाच्या कानावर आम्ही विश्वास का ठेवावा? दुसरा माणूस नेमा, तेच तुकडे त्याला स्वतंत्रपणे ऐकवा आणि दोघांचे रकाने किती जुळतात ते कळवा. जुळणी चांगली आली तर पुढचं बोलू.

तो दुसरा माणूस म्हणजे मी. कॉम्प्युटरची पदवी घेतली होती, म्हणून काकू मला इंजिनिअर म्हणायच्या, पण नोकरी मिळत नव्हती. बरं काही मिळेपर्यंत म्हणून आलो. जुळणी मोजायचा प्रोग्रामही मीच लिहिणार होतो, त्यामुळे मॅडमना एका पगारात दोन माणसं मिळाली. शिवाय मी पुरुष. मॅडमच्या मते हे फार चांगलं होतं. पुरुष असल्यामुळे मी नवऱ्यांना थोडं सांभाळून घेईन, काकू बायकांना सांभाळून घेतील, आणि सगळं मधोमध येईल.

काकूही ते तुकडे नव्याने ऐकणार होत्या. काम चालू असताना आम्ही तुकड्यांविषयी एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही, अशी अट होती. म्हणून टेबलं विरुद्ध भिंतींना लावली होती. दिवसभर पाठीला पाठ लावून आम्ही लोकांचे संसार ऐकायचो. एखाद्या तुकड्यावर काकू खुदकन हसल्या की मला वाटायचं, एक जोडपं साबणावरून भांडतं, हाच तो तुकडा असणार. पण विचारायची सोय नव्हती. चहाला मात्र बोलायचो, आणि चहाला काकू त्यांच्या घरच्या गोष्टी सांगायच्या. काका लिफ्टचे मेकॅनिक, नुकतेच निवृत्त झालेले. माणूस सोन्यासारखा. आवाज चढवणं माहीत नाही. आता वर्षअखेरीला दोघं सगळं आवरून काकूंच्या दिराच्या गावी राहायला जाणार होते. दिराच्या शेजारचीच तळमजल्याची जागा मिळत होती.

"तुम्हाला आवडेल तिकडे?" मी सहज विचारलं होतं.

"हो, बरं वाटेल," काकू म्हणाल्या. "गुडघे आहेत ना."

पहिली फेरी संपली. मी प्रोग्राम चालवला. जुळणी इतकी कमी आली की मला वाटलं रकाने उलटे वाचले गेले. पुन्हा चालवला, आकडा तोच. मॅडमनी तो बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता नियमाप्रमाणे एक बैठक घ्यायची होती. न जुळलेले तुकडे एकत्र ऐकायचे, रकान्यांचे नियम आणखी स्पष्ट लिहायचे, आणि मग दोघांनी नवे तुकडे घेऊन पुन्हा स्वतंत्रपणे काम करायचं.

बैठकीत पहिलाच तुकडा बँकेचा निघाला. बाई म्हणते, "मी आज बँकेत गेले तर तो माणूस मला…" आणि नवरा म्हणतो, "उद्या या म्हणाला असेल. हेच चालतं तिथे." बाई म्हणते, "हो ना." मग भांड्याचा आवाज.

मी तोड टाकलं होतं. काकूंनी साथ. मॅडम माझ्याकडे आणि काकूंकडे आळीपाळीने बघत राहिल्या, कारण हे त्यांना नेमकं उलटं अपेक्षित होतं. पुढचे तुकडेही तसेच निघाले. नवऱ्याने बायकोचं वाक्य पुरं केलं की माझ्याकडे तोड आणि काकूंकडे साथ.

काकूंचं म्हणणं असं की ती बाई चिडली नाही, उलट हो म्हणाली. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर ती काय सांगणार हे त्याला माहीत नसणार का? माझं घर वेगळं. घरात आई आणि मी दोघंच. आई नर्स, दमून यायची, सावकाश बोलायची आणि तिचं संपेपर्यंत मी थांबायचो. आमच्याकडे एक बोलतं तेव्हा दुसरं ऐकतं. त्यामुळे मला त्या तुकड्यात एकच गोष्ट ऐकू येत होती.

"पण काकू," मी म्हणालो, "बँकेतला माणूस काय म्हणाला ते आपल्याला कळलंच नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "पुन्हा लाव," म्हणाल्या.

मी लावलं. पुढचंही ऐकू दे म्हणाल्या, म्हणून पुढचंही लावलं. बोलणं पडद्यांच्या कापडावर गेलं, मग शेजाऱ्यांच्या गाडीवर. बँकेतला माणूस पुन्हा आलाच नाही. काकूंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आमच्याकडे तर हे…" त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

त्या खोलीत कुणाचं वाक्य पुरं करायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

शेवटी मॅडमनी नियम लिहिला. दुसरा मध्ये शिरल्यावर पहिल्याचं राहिलेलं बोलणं पुन्हा कधीच आलं नाही, तर ते तोड समजायचं. मला तो एकदम पटला. मोजता येईल असा नियम होता. काकूंनी तो दोनदा वाचला आणि कागद पर्समध्ये घालून घरी नेला.

त्यानंतर चहाच्या वेळी त्या वेगळंच सांगायला लागल्या. घरी त्या वाक्य बोलायला घ्यायच्या, काका ते पुरं करायचे, आणि मग काकू आपलं वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणायच्या. पहिल्या दिवशी काकांना गंमत वाटली. नंतर त्यांनी विचारलं की त्या हेडफोनांनी कान गेलेत का तुझे? काकू सांगताना हसल्या, पण बिस्किट चहात बुडून तळाला गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

आणि मग त्या यायच्याच बंद झाल्या. मॅडमना फोन करून म्हणाल्या, दुसरं कुणी बघा, माझा कान बिघडलाय. मला आता कुणाचंच काही सरळ ऐकू येत नाही. नवा माणूस घ्यायचा म्हणजे शिकवण्यापासून सगळं परत. तोवर जर्नलची मुदत टळली असती, आणि मॅडमची नोकरी पुढे चालू राहणं याच पेपरवर अवलंबून होतं. मॅडमनी मला काकूंच्या घरी पाठवलं. समजूत काढ म्हणाल्या, पण तुकड्यांविषयी काही बोलू नकोस. मी जिना उतरत होतो तेव्हा वरून पुन्हा ओरडून सांगितलं, तुकड्यांविषयी नाही.

घर लहान आणि स्वच्छ होतं. दारापासून आतपर्यंत पुठ्ठ्याची खोकी रचलेली. काकांनी मोठ्या आनंदाने बसवलं. त्यांना वाटलं मी निरोप द्यायला आलोय. त्यांनी नव्या जागेचा नकाशाच हवेत काढून दाखवला. इथे दार, इथे स्वयंपाकघर, भिंतीला भिंत लागून भाऊ. ती जागा रिकामी झाली की करारावर सही करायची होती. काकू चहा घेऊन आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"तिकडे गेल्यावर मला…" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"बरंच वाटेल," काका म्हणाले. "जिना नाही, काही नाही. गुडघ्यांना केवढा आराम."

काकूंनी कप खाली ठेवला. "मी ते म्हणत नव्हते."

काका हसत होते. हसू तसंच राहिलं. "मग काय म्हणत होतीस?"

काकूंनी तोंड उघडलं. आम्ही दोघं वाट बघत होतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवत होतं, तो आवाज सुरू झाला आणि थांबला. काकूंचा चेहरा असा झाला होता, जसा ओळखीच्या खोलीत दिव्याचं बटण सापडत नाही तेव्हा होतो.

"नाही येत आठवत."

"आठवत नाही कसं? आत्ता तर बोलत होतीस."

"पुढचं नव्हतंच माझ्याकडे. माझ्याकडे तेवढंच होतं. पुढचं नेहमी तुम्हीच म्हणता ना."

काका गोंधळून माझ्याकडे वळले. त्यांना राग आला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. म्हणाले, "तुम्हीच सांगा. तुम्ही तर यंत्रावर मोजता. ही मध्येच थांबते. मी काय करायचं, तोंडाकडे बघत बसायचं? लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसाला कुणी विचारत नाही, तुम्हाला कुठे जायचं होतं म्हणून. जवळचा मजला बघायचा, लिफ्ट तिथे आणायची, दार उघडायचं. माणूस सुटल्याशी मतलब."

"आणि मी उतरत गेले," काकू म्हणाल्या.

"मग इतकी वर्षं मी चुकीच्या मजल्यावर…" काकांना पुढे बोलवेना.

"चुकीच्या नाही हो. माझा होता की नाही, तेच कळत नाही."

मला मध्ये काहीतरी बोलायला हवं होतं. मी शिकलेला, मला नियम माहीत होता, आणि नियमाप्रमाणे हे सरळ सरळ तोड होतं. पण समोर बसलेला माणूस तोडणारा वाटत नव्हता. ती थांबते म्हणून तो बोलतो, की तो बोलेल म्हणून ती थांबते? कुणी आधी सुरू केलं, हे त्यांच्या लग्नाच्या पहिल्या दिवसापासूनचं रेकॉर्डिंग असतं तरच सांगता आलं असतं. मी थंड झालेला चहा प्यायलो. दारापर्यंत सोडायला काकू आल्या आणि म्हणाल्या, "येते मी उद्यापासून. आता घरात दोघंही गप्पच असतो. त्यापेक्षा तिथे निदान लोक तरी बोलतात."

दुसरी फेरी आम्ही पाठीला पाठ लावून पुरी केली. मॅडम रोज दारातून डोकावून जायच्या. नियम आता स्पष्ट होता, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. मी प्रोग्राम चालवला आणि जुळणी पहिल्यापेक्षाही खाली गेली.

मॅडमनी आधी प्रोग्रामवर संशय घेतला. मीही घेतला. प्रत्येक ओळ तपासली, प्रोग्राम बरोबर होता. मग आम्ही तुकडे काढून बघितले तेव्हा झालेला प्रकार लक्षात आला. जिथे जिथे नवऱ्याने वाक्य पुरं केलं होतं, तिथे काकूंनी आता तोड टाकलं होतं आणि मी साथ. प्रत्येक वेळी माझ्या कानात ती अडकलेली लिफ्ट येत होती. बोलणं परत आलं की नाही हे बघायचं होतं, आणि मी माणूस सुटला की नाही हे बघत बसलो होतो. काकूंना तो बँकेतला माणूस सोडत नव्हता. आम्हा दोघांना एकमेकांचं म्हणणं इतकं पटलं होतं की दोघांनी जागा बदलल्या होत्या.

मॅडम आधी हसायला लागल्या. ते हसणं बराच वेळ चाललं, तसं काकूंनी उठून त्यांना पाणी दिलं. मॅडमना एक पळवाट होती. आम्हा दोघांना समोरासमोर बसवून प्रत्येक तुकड्यावर एकमत करून घ्यायचं आणि फक्त ते एकमत कळवायचं. जुळणी मग पूर्णच आली असती. मॅडमनी दिवसभर विचार केला आणि संपादकांना दोन्ही फेऱ्यांचे आकडे आणि झालेला सगळा घोटाळा जसाच्या तसा लिहून पाठवला. हा खरेपणा होता की थकवा, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं असतं असं वाटत नाही.

उत्तर आलं. पहिल्या परीक्षकाला हे फार रोचक वाटलं. दुसऱ्याने लिहिलं की आता आपल्याला पहिल्यापेक्षा कमी समजलं आहे. संपादकांनी मधला मार्ग काढला. मोठा निष्कर्ष काढून टाका, न जुळलेले तुकडे वेगळे मांडा, आणि हे एक छोटं टिपण म्हणून अंकाच्या शेवटच्या पानांवर घेऊ. मॅडमचा नोकरीचा करार एका वर्षाने वाढला. तो टिपणामुळे वाढला, की शिकवायला दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून, हेही कुणी स्पष्ट सांगितलं नाही.

न जुळलेले तुकडे वेगळे काढायला काकू आणि मी शेवटचा आठवडा एका टेबलावर बसलो. आता बोलायला परवानगी होती, तर दोघांनाही काय बोलावं ते सुचत नव्हतं. मधल्याच एका दिवशी काकू आल्या, हॅलो म्हणाल्या आणि हेडफोन न लावता नुसत्याच बसल्या.

आदल्या दिवशी नव्या जागेच्या करारावर सही करायची होती. काका शर्ट-बूट घालून तयार होते, बाहीची बटणं लावत होते. काकूंनी पुन्हा तेच म्हणून बघितलं. तिकडे गेल्यावर मला. आणि काका काही बोलले नाहीत. हात बटणावर तसाच ठेवून उभे राहिले. "इतके थांबले," काकू म्हणाल्या, "की मला घाम फुटला. मला वाटलं, आता तरी बोला हो, सोडवा मला. बोलेचनात. मग माझ्याच तोंडून आलं, तिकडे गेल्यावर मला तुमच्या भावाच्या दारात पाहुणी असल्यासारखं वाटेल. मला नाही यायचं."

"मग?"

"मग ते म्हणाले, हे तू आधी कधी… आणि थांबले. मला माहीत होतं पुढे काय आहे ते. बोलली नाहीस, दुसरं काय असणार? पण मी जीभ चावून गप्प बसले. म्हटलं, त्यांचं त्यांना म्हणू दे. तर ते म्हणालेच नाहीत. खाली बसून बूट काढले."

"म्हणजे सही केली नाही?"

"नाही केली."

"म्हणजे जायचं रद्द झालं?"

"तेही ठरलं नाही. भावाला कळवायचं काय, तेच दोघांना समजेना. ते म्हणतात, तू नक्की तेच म्हणत होतीस ना इतकी वर्षं? मी म्हटलं, मला कसं माहीत? मी तिथपर्यंत पोचलेच कुठे होते कधी?" काकूंनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली आणि सोडली. "खरं सांगू इंजिनिअर, मला हलकं वाटायला हवं ना? तर वाटत नाही. भीती वाटते. एक वाक्य पुरं केलं तर घरातली सगळी खोकी अडकून पडली. अजून अशी किती आत असतील, काय माहीत. आणि ती सगळी एकामागून एक यायला लागली तर हा माणूस…"

त्या थांबल्या.

पुढचं मला माहीत होतं. निदान मला तसं वाटलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. काकू माझ्याकडे बघत होत्या, पण मी बोलावं म्हणून बघत होत्या की बोलू नये म्हणून, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.